पाण्यावरचं बिऱ्हाड

मैत्रिणींनो, काश्मीरला जाऊन आलेल्यांच्या घरी फोटो पाहायला गेलात की दोन फोटो ठरलेले. एक त्या भरजरी फिरनमधला, कपाळावर चांदीचे लोंबते दागिने आणि हातात फुलांची टोपली. दुसरा शिकाऱ्यातला, मुलं पुढं, आपण मधे आणि 'हे' एका कडेला अवघडून बसलेले. आमच्याकडेही हे दोन्ही आहेत. मी आज लिहिणार आहे ते मात्र या फोटोंत पाठीमागे जी तपकिरी लाकडी घरं पाण्यावर एका ओळीत उभी दिसतात, त्यांच्याविषयी. आपण त्यांत एक-दोन रात्री राहतो, गालिचे आणि नक्षी बघून 'अगंबाई!' म्हणतो आणि गुलमर्गला निघून जातो. ती घरं कुणाची, कशी उभी राहिली, त्यांतली चूल कोण सांभाळतं, हे विचारायचं राहूनच जातं.

माझंही राहिलं असतं. २०२४ च्या मे महिन्यात आम्ही पाच जण, म्हणजे आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई, श्रीनगरच्या दल सरोवरावर चार रात्री राहिलो. तिसऱ्या दिवशी एकादशी आली. त्या एकादशीमुळंच मला हाउसबोटीची मागची बाजू पाहायला मिळाली. पण ते पुढं सांगते. आधी ही हाउसबोट आली कुठून, ते.

१८४६ साली अमृतसरच्या तहानं काश्मीर डोग्रा घराण्यातल्या गुलाबसिंगांकडे आलं. त्यांच्या वंशजांनी एक धोरण कटाक्षानं सांभाळलं. बाहेरच्या माणसाला काश्मीरात जमीन विकत घेता येणार नाही, मग तो गोरा साहेब का असेना. इकडे पंजाबातल्या उन्हाळ्यानं हैराण झालेल्या साहेब-मडमांना काश्मीरची हवा तर हवी, आणि बंगला बांधायची सोय नाही. जमीन मिळत नाही, पण पाण्यावर कुणाची बंदी होती? श्रीनगरात झेलम नदी आहे, कालवे आहेत, दल आणि नगीन ही सरोवरं आहेत. आणि त्या पाण्यावर पिढ्यान् पिढ्या राहणारे हांजी लोक, म्हणजे नावाडी, होतेच. त्यांची डुंगा नावाची लांबट नाव असे. वर चटयांचं छप्पर, बाजूला चटयांच्या भिंती, एका टोकाला चूल. नवरा-बायको, मुलं, कोंबड्या, सगळा संसार त्यात.

पहिली हाउसबोट कुणाची, याच्या दोन कथा सांगतात. आपल्याकडे एकाच लोणच्यावर दोन जावा हक्क सांगतात, तसंच हे! एका कथेप्रमाणे नारायणदास नावाचे एक काश्मिरी पंडित १८८० च्या दशकात परदेशी पाहुण्यांसाठी दुकान चालवीत. दुकानाला आग लागली, तेव्हा त्यांनी माल एका डुंग्यात हलवला. चटया पावसात भिजतात म्हणून लाकडी फळ्या ठोकल्या. एका साहेबाला ती नाव इतकी आवडली की त्यानं ती विकतच घेतली, आणि नारायणदासांना दुकानापेक्षा हाच धंदा बरा वाटला. दुसरी कथा केनार्ड नावाच्या इंग्रजाची. काश्मीरचे रेसिडेंट असलेल्या यंगहजबंड यांनी १९०९ च्या आपल्या पुस्तकात श्रेय त्यालाच दिलंय. खरं श्रेय मला विचाराल तर ज्यांच्या डुंग्यावरून दोघांनी कल्पना उचलली त्या हांजींचं. पण त्यांचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

१८९० च्या सुमारास रावळपिंडीहून बारामुल्लापर्यंत गाडीरस्ता झाला आणि पाहुण्यांची रीघ लागली. तेव्हाच्या हाउसबोटी आजच्यासारख्या एका जागी खिळलेल्या नसत. साहेब अख्ख्या उन्हाळ्यासाठी बोट भाड्यानं घ्यायचा. नावाडी लांब बांबूंनी ती ढकलत न्यायचे, कधी मानसबल, कधी वुलर, कधी कुठल्या चिनाराच्या सावलीला महिनाभर मुक्काम. मागून स्वयंपाकाची वेगळी नाव यायची. तिच्यात नावाड्याचं कुटुंब राहायचं आणि तिथूनच सूप, पुडिंग वगैरे तयार होऊन पुढं जायचं. म्हणजे पुढं मालकिणीसारखी मडम आणि मागं खरी मालकीण, धुरात! १९२७ साली महाराजा हरिसिंगांनी जमिनीची ती बंदी रीतसर कायद्यात आणली आणि पाण्यावरची घरं आणखीच पक्की झाली.

१९४७ साली साहेब गेले. रावळपिंडीचा रस्ता सरहद्दीपलीकडे राहिला. काही वर्षं हाउसबोटवाल्यांनी कशीबशी काढली. मग १९५६ मध्ये बनिहालचा बोगदा झाला, बारमाही रस्ता मिळाला आणि आपण हिंदुस्थानातले पाहुणे जाऊ लागलो. पाठोपाठ सिनेमावाले गेले. १९६४ चा 'कश्मीर की कली' सगळ्यांना आठवतो, पण हाउसबोटीचा खरा सिनेमा म्हणजे १९६५ चा 'जब जब फूल खिले'. शशी कपूर हाउसबोटवाला आणि त्याच्या बोटीत उतरलेली श्रीमंत मुलगी म्हणजे आपली नंदा, मास्टर विनायकांची लेक. सासूबाईंनी तो लग्नाआधी पाहिलेला. बोटीच्या पायरीवर पाय ठेवताना त्या चक्क लाजल्या, मी पाहिलं! १९६६ मध्ये बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन पंडित रविशंकरांबरोबर इथंच एका हाउसबोटीवर राहून सतार शिकत होता.

आता घर बघायला चला. साधारण हाउसबोट १०० फुटांच्या आसपास लांब, १५ ते २० फूट रुंद. रेल्वेच्या डब्यासारखी एकामागं एक खोल्यांची मांडणी, एका कडेनं बोळ. पुढं कठड्याचा व्हरांडा, त्यावर गाद्यांची बैठक. मग दिवाणखाना, मग जेवणघर, त्याला लागून भांड्याकुंड्यांची लहान खोली आणि मागं दोन ते चार झोपायच्या खोल्या, प्रत्येकीला न्हाणीघर. तळ आणि सांगाडा देवदाराचा. देवदार पाण्यात कुजायला फार वेळ घेतो आणि त्याचा वास सगळ्या घरभर भरून राहतो, आपल्याकडे जुनं शिसवी कपाट उघडल्यावर येतो ना, तसा पण जास्त गोड. टेबल-खुर्च्या अक्रोडाच्या, कोरीव. छताकडे मात्र जरूर बघा. लाकडाचे छोटे छोटे तुकडे भौमितिक आकृतीत एकमेकांत अडकवून ते केलेलं असतं आणि त्यात एक खिळा नसतो. याला खतमबंद म्हणतात. माझ्या मुलानं रात्री झोपताना त्यातले तारे मोजायला घेतले आणि एकशेचाळीसला तो झोपला.

आमच्या बोटीचे मालक साठी ओलांडलेले. सगळे त्यांना चाचा म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. सामान ठेवतो न ठेवतो तोच केशराचा कहावा आला आणि सासूबाईंकडे बघून चाचा म्हणाले, "काय आजी, बरं आहे ना? दमलात?" शुद्ध मराठी नव्हे, जरा कोकणी वळणाचं. आम्ही थक्क! त्याचा उलगडा नंतर झाला. १९८८ मध्ये काश्मीरला सात लाखांवर प्रवासी आले होते. १९९० मध्ये बंदुकीचं राज्य सुरू झालं आणि तो आकडा काही हजारांवर घसरला. बोटी बांधून उभ्या. मग अनेक काश्मिरी शाली, गालिचे, कागदाच्या लगद्याच्या डब्या घेऊन गोव्याला गेले, तिथं दुकानं थाटली. चाचांनीही सात हिवाळे कळंगुटला एका दुकानात शाली विकल्या. घरी पैसे पाठवायचे, आणि त्यातले निम्मे बोटीच्या तळात जायचे.

"रिकामी होती ना बोट? मग खर्च कसला?" आमच्या ह्यांनी विचारलं. चाचा हसले. "साहेब, विटांचं घर रिकामं ठेवलं तर धूळ बसते. लाकडाचं घर पाण्यावर रिकामं ठेवलं तर बुडतं."

हे वाक्य मी विसरले नाही. बायांनो, आपण चार दिवस माहेरी जायचं म्हटलं तर दुधाचं, पाण्याचं, कुंड्यांचं बघतो. इथं रोज सकाळी तळातली फळी उचलून आत किती पाणी साचलंय ते बघायचं आणि पंपानं उपसायचं. वर्षा-दोन वर्षांनी फळ्यांच्या फटी बुजवायच्या. हिवाळ्यात रात्री बर्फ पडला तर उजाडायची वाट न बघता घमेली-फावडी घेऊन छतावर चढायचं, कारण बर्फाचं ओझं वाढलं की बोट एका अंगावर कलते आणि पाणी आत शिरतं. चाचांच्या वडिलांनी आताची बोट १९७० च्या दशकात बांधून घेतली, आजोबांची त्याआधीची. आजोबांच्या बोटीतलं काय उरलं म्हणाल, तर एक आरसा आणि एक वही.

ती वही त्यांनी आम्हांला दाखवली. बहुतेक सगळ्या जुन्या हाउसबोटवाल्यांकडे अशी वही किंवा पेटी असते. निघताना पाहुण्यांनी लिहून दिलेल्या चिठ्ठ्या. सगळ्यात जुन्या इंग्रजीत, तिरक्या शाईच्या अक्षरांत: नावाडी प्रामाणिक आहे, आमलेट चांगलं करतो, बदकं राखून ठेवतो. मग बंगाली, गुजराती, मराठी. मग कोरी पानं. त्यांनी कोरी पानं उलटताना मुद्दाम भराभर उलटली नाहीत. "ही नव्वदची वर्षं," एवढंच म्हणाले.

आता एकादशी. सासूबाईंनी घरून साबुदाणा, दाण्याचं कूट, शेंगदाणे सगळं आणलेलं. प्रश्न चुलीचा. आणि खरं सांगते, त्यांच्या मनात भांड्यांचाही प्रश्न होता. मांसमच्छी शिजणाऱ्या भांड्यात उपासाची खिचडी? त्या तसं बोलल्या नाहीत, पण मी सून आहे, मला ते कळतं. मी चाचांना विचारलं. त्यांनी आत हाक मारली आणि प्रथमच त्या घरातली बाई मला दिसली. तोवर आमचं सगळं, चहा, जेवण, अंथरूण, घरातले पुरुष आणि मुलगेच करत होते. बाया पुढं येत नाहीत. त्यांची मोठी सून मला फळीवरून मागच्या बोटीत घेऊन गेली.

ती स्वयंपाकाची बोट म्हणजे मूळचा डुंगाच. दहा बाय बाराचं स्वयंपाकघर, गॅसच्या दोन शेगड्या, खिडकीतून हात घातला तर सरोवराचं पाणी. भिंतीवर ओळीनं तांब्याची भांडी, आतून कल्हई केलेली! कल्हईवाला गेल्याला आमच्या गावात किती वर्षं झाली, मी आठवत बसले. सून हसली, म्हणाली, आमच्याकडे अजून आहे. तिनं कुणी न सांगता एक कोरं पातेलं काढलं. पंडितांच्या घरातल्या बायका पूर्वी शेजारी होत्या, त्यांच्या उपासाचं त्यांना सारं ठाऊक. चाचांची म्हातारी आई कोपऱ्यात कांगडी मांडीशी धरून बसली होती. तिनं माझ्या हातातला साबुदाणा चिमटीत घेऊन बघितला आणि मान हलवून एक पिशवी पुढं केली. आत पांढुरकं पीठ. वास घेतला तर शिंगाड्याचं!

मैत्रिणींनो, मी शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते आणि उपासाला दर वेळी शिंगाड्याचं पीठ आणते, पण ही दोन डोकी माझ्यात कधी एकमेकांना भेटली नव्हती. शिंगाडा पाण्यात येतो, एवढंच माहीत. वुलर सरोवरात तो मैलोन्मैल पसरतो आणि तो काढण्याचं काम पिढ्यान् पिढ्या हांजींमधल्या एका शाखेचं आहे. वॉल्टर लॉरेन्स या जमाबंदी अधिकाऱ्यानं १८९५ च्या ग्रंथात या जमातीच्या शाखा दिल्या आहेत: भाजी पिकवणारे वेगळे, शिंगाडा काढणारे वेगळे, मासे धरणारे वेगळे, वाहत आलेली लाकडं गोळा करणारे वेगळे. दुष्काळात कित्येक घरांचं पोट शिंगाड्यानं भरलं. जे त्यांचं गरिबीचं अन्न, ते आपलं उपासाचं. सासूबाई फळी ओलांडून हळूच येऊन बसल्या होत्या. त्यांनी त्या पिठाचं, बटाटा कुस्करून, जिरं-मिरची घालून थालीपीठ लावलं, म्हातारीनं एक तुकडा खाल्ला आणि दोघी आपापल्या भाषेत गुडघेदुखीवर बोलू लागल्या. भाषा कळली नाही तरी गुडघे कळतात.

मी मात्र सुनेशी बोलत राहिले. तिचं हिंदी चांगलं, बारावी झालेली. तिला मी विचारलं, इतक्या सुंदर जागी राहतेस, बरं वाटत असेल? तिनं भात उपसता उपसता जे सांगितलं, ते पुढच्या बोटीत बसून कधी कळलं नसतं. मूल रांगायला लागलं की त्याला दोरीनं बांधून ठेवावं लागतं. शाळा, दवाखाना, दूध, सगळ्याला शिकारा. हिवाळ्यात नळ गोठतात. नवऱ्याचं सगळं मिळकतीचं साधन तळात जातं. तिच्या बहिणीला जमिनीवर घर आहे, लहानसंच, पण त्याला अंगण आहे. "मला अंगण पाहिजे," ती म्हणाली. सासरे बोट सोडणार नाहीत. धाकटा दीर हॉटेलचं शिक्षण घेऊन दुसरीकडे नोकरीला गेला, तो परत येणार नाही. भाऊ दोन, बोट एक, तिचे दोन तुकडे करता येत नाहीत.

आपण चाचांच्या बाजूनं की सुनेच्या? त्या रात्री व्हरांड्यात बसून मी स्वतःला विचारत होते. घराण्याचं जपावं असं पुरुषांना वाटतं, त्याची झाडलोट ज्या करतात त्यांना अंगण हवं असतं. मी तिच्या बाजूनं आहे. पण सकाळी धुकं उठलं आणि भाजीचे शिकारे कोबी, नवलकोल, हाक, कमळाचे देठ घेऊन समोरून गेले, तेव्हा मी चाचांच्याही बाजूची झाले, हे कबूल करते.

या बोटींपुढचं संकट नुसतं घरातलं नाही. १९८० च्या दशकातच सरकारनं नवीन हाउसबोटी बांधायला बंदी केली. २००९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानं दुरुस्तीवरही निर्बंध आले, कारण दल सरोवर घाण होत चाललं होतं. बोटींच्या न्हाणीघरांचं सगळं पाण्यातच जात असे, हे खरंच आहे, आणि आपण पाहुणेच ती घाण करत होतो हेही खरं. मात्र शहराचे नाले त्याच पाण्यात येतात आणि त्यांचा वाटा बोटींपेक्षा कितीतरी मोठा. अलीकडे बऱ्याच बोटी मलवाहिनीला जोडल्या आहेत. दुरुस्ती थांबली की लाकडाचं काय होतं ते तुम्हांला सांगायला नको. २०२१ मध्ये नवं धोरण आलं, त्यात परवानगी घेऊन दुरुस्ती करता येते, पण कागदपत्रं आणि देवदाराचा भाव यांत माणूस थकतो. नव्या बांधायच्या नाहीत म्हटल्यावर जी बुडाली ती गेली. दल, नगीन, झेलम मिळून आता साधारण ९०० उरल्यात. २०१४ च्या सप्टेंबरातल्या पुरानं कित्येकांची मोडतोड केली. ११ नोव्हेंबर २०२३ ला दलवर आग लागून पाच हाउसबोटी जळाल्या आणि बांगलादेशातून आलेले तीन पाहुणे गेले. कोरडं देवदार, आतल्या शेगड्या आणि खेटून उभ्या बोटी! आणि गंमत बघा, ज्या जमिनीच्या बंदीमुळं ही घरं पाण्यावर गेली, ती बंदीच २०१९ साली राज्याचा खास दर्जा गेल्यावर आणि २०२० मध्ये जमिनीचे कायदे बदलल्यावर ढिली झाली.

तुमच्यापैकी कुणाचा बेत असेल तर चार गोष्टी अनुभवानं सांगते. बोट दलमध्ये आहे की नगीनमध्ये, हे आधी विचारा. दलवर वर्दळ, नगीन शांत. दलवर घेत असाल तर कुठल्या घाटाजवळ, तेही विचारा, कारण किनाऱ्यापासून बोटीपर्यंत शिकाऱ्यानं जावं लागतं आणि त्याचं भाडं धरलंय की वेगळं, यावरून पुढं वाद होतात. आमच्या एजंटानं ते सांगितलंच नव्हतं. रात्रीचं जेवण बहुधा भाड्यात असतं, पण शाकाहारी आहोत हे पत्रव्यवहारातच कळवा, म्हणजे हाक आणि राजमा मनापासून करतात. मेमध्येही रात्री दुलई लागते. लहान मूल असेल तर कठड्याची उंची बघा आणि शिकाऱ्यात बसताना तरंगायचं जाकीट मागून घ्या, लाजू नका. फेरीवाले शिकारे थेट व्हरांड्याला येऊन लागतात. केशर तिथं घेऊ नका, दागिने हौसेपुरते घ्या, आणि नको असेल तर मालकांना सांगा, ते एका शब्दात परत पाठवतात. रात्री खोलीतली शेगडी विझली का ते स्वतः बघा. आणि वेफर्सची पिशवी पाण्यात टाकू नका, आपली मुलं टाकत असली तर हातावर चापट द्या.

हे सगळं मी २०२५ च्या उन्हाळी अंकासाठी लिहिणार होते. आमच्या भिशीतल्या सहा जणींचा मेमध्ये जायचा बेतही झाला होता, चाचांकडेच. २२ एप्रिलला पहलगामला अतिरेक्यांनी २६ जणांना मारलं. त्यांत आपल्या महाराष्ट्रातले सहा. बायकांसमोर नवरे मारले. आमच्या सहाही जणींनी बेत रद्द केला, मी पण. त्यात कुणाला दोष देऊ? त्या दिवसांत मी दूरदर्शनसमोर बसून नुसती रडत होते. तिसऱ्या दिवशी चाचांचा फोन आला. पैशाबद्दल नव्हता. "आजी बऱ्या आहेत ना? तुमच्या गावचं कुणी नव्हतं ना?" एवढंच विचारलं. आगाऊ दिलेली रक्कम त्यांनी आठवडाभरात परत केली, आम्ही मागितली नव्हती. बोट परत रिकामी झाली होती हे मला त्यांच्या बोलण्यावरून नाही, मागं चाललेल्या पंपाच्या आवाजावरून कळलं.

जूनमध्ये कटरा ते श्रीनगर रेल्वे सुरू झाली. चिनाब नदीवरच्या त्या उंच पुलाचं चित्र मी वर्गात लावलं. पाहुणे थोडे थोडे परत येताहेत असं चाचा म्हणतात, पण वहीत त्या मे महिन्याचं पान कोरंच आहे. दुरुस्तीची परवानगी मात्र मिळाली. नोव्हेंबरात, पाणी उतरल्यावर, बोट उथळ जागी ओढून तळाच्या तीन फळ्या बदलल्या. त्याचा पैसा कुठून आला, असं मी सुनेला विचारलं. तिनं तिच्या बांगड्या मोडल्याचं सांगितलं, आणि बदल्यात सासऱ्यांकडून कबूल करून घेतलंय की पुढच्या कमाईतून आधी जमिनीचा तुकडा. कागद करून घेतलास का, मी विचारलं. हसली. म्हणाली, वहीत लिहून घेतलंय, कोऱ्या पानावर.

परवा तिच्याकडून टपालानं एक पुडकं आलं. दोन किलो शिंगाड्याचं पीठ, वर उर्दूत काहीतरी लिहिलेलं, खाली आमच्यासाठी हिंदीत: आजींसाठी. सासूबाईंनी चाळून पाहिलं, बाजारच्यापेक्षा जरा जाडसर आहे म्हणाल्या, आणि येत्या एकादशीसाठी बरणीत भरून वरच्या फळीवर ठेवलंय.